मानपत्राची मागची बाजू

कुमुदिनीताईंचं मानपत्र लिहायचं काम ऋजुताकडे आलं, कारण ती बाळासाहेबांची मुलगी होती. नेदरलँड्समधल्या मराठी मंडळाच्या बैठकीत दुसरं नाव निघालंच नाही. ऋजुता त्या बैठकीला हजर नव्हती. असती तरी फरक पडला नसता.

बाळासाहेब मिरजेला भूमापन खात्यात सर्व्हेअर होते. लोकांच्या जमिनी मोजणं ही नोकरी आणि लोकांची मानपत्रं लिहिणं हा छंद. कुणी निवृत्त झालं, कुणाची एकसष्टी आली, कुणी गाव सोडून चाललं, की शाल, नारळ आणि चौकटीतलं मानपत्र द्यायचं आणि त्याचा मजकूर बाळासाहेबांनी करायचा, असं गावात ठरूनच गेलं होतं. मजकूर झाला की मोहन पेंटर तो वळणदार अक्षरात जाड कागदावर उतरवी. एकोणऐंशी सालापासून बाळासाहेबांनी तीनशे शहाऐंशी मानपत्रं लिहिली. या मार्चमध्ये ते गेले. त्यांना स्वतःला मानपत्र कधी मिळालं नाही, कारण लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं.

ऋजुता नेदरलँड्समध्ये नीउ-व्हेनेपला राहायची आणि हूफडॉर्पच्या एका कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट होती. मंडळाच्या स्मरणिकेत बारा वर्षं ती लिहीत आली होती, आणि लोक तिचं लिखाण आवडीने वाचत. तिची पद्धत मात्र कुणाला माहीत नव्हती. शनिवारी ती पहिलं वाक्य लिही. रविवारी सकाळी अकराला मिरजेला फोन लावी.

"वाच," बाळासाहेब म्हणत.

ती वाची. वाक्य पसंत पडलं तर ते म्हणत, "पुढं." नाही पडलं तर विचारत, "चहा झाला का तुझा?"

बारा वर्षांत चहाची चौकशी पुष्कळ वेळा झाली. पण एकदा "पुढं" आलं की उरलेलं ती एकटी लिहून काढी. ते तिला जड जात नसे.

मार्चनंतर तिने ऑफिसच्या मेलखेरीज काही लिहिलं नाही. रविवारी अकरा वाजता ती किटलीत व्हिनेगर ओतून आतला पांढरा थर काढत बसे. घरातली किटली इतकी स्वच्छ यापूर्वी कधी नव्हती.

लॅपटॉपवर 'कुमुदिनीताई मानपत्र अंतिम' नावाची फाईल होती. तिच्यात एकतीस पहिली वाक्यं होती. दुसरं एकही नव्हतं. सत्काराला दोन आठवडे उरले होते. ऋजुताने नाही म्हटलं असतं तर मंडळाने दुसरा कुणी शोधला असता, त्याची तिला काळजी नव्हती. तिला भीती वेगळीच होती. बारा वर्षं लिहीत होती ती, की वडील? ते आता कळणार होतं.

त्याच आठवड्यात कंपनीने सर्वांना सर्जनशीलतेच्या कार्यशाळेत बसवलं. मार्लूस नावाची एक प्रशिक्षक आली होती. तिने प्रत्येकाला तीन रंगांचे चिकट कागद दिले आणि सांगितलं की आपल्या प्रत्येकाच्या आत एक टीकाकार बसलेला असतो, तो आपल्याला अडवतो. त्याला नाव द्या, त्याचं चित्र काढा, आणि त्याला खोलीबाहेर जायला सांगा.

शेजारच्या खेरार्डने आपल्या टीकाकाराचं नाव 'विल मावशी' ठेवलं आणि अंबाडा असलेली बाई काढली. अकाउंट्समधल्या मुलीने मांजर काढलं. ऋजुताचा कागद कोरा होता.

"तुझा कुठे आहे?" मार्लूसने विचारलं.

"वारला," ऋजुता म्हणाली. "मार्चमध्ये."

मार्लूसचा चेहरा उजळला. "किती छान! ऐकलंत का सगळ्यांनी? ऋजुताने तो टप्पा पारसुद्धा केलाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्लूसने ऋजुताच्या कार्डिगनवर एक हिरवा गोल चिकटवला. तो संध्याकाळी घरी आल्यावर अनिमेषला, तिच्या नवऱ्याला, दिसला.

"हे कशाबद्दल?"

"बाबा गेल्याबद्दल."

अनिमेषने आणखी काही विचारलं नाही. वीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे त्याला कळू लागलं होतं.

शुक्रवारी अभिरामचा फोन आला. अभिराम मंडळाचा अध्यक्ष. चौतिशीचा, पुण्याचा, आणि मंडळ हे एक प्रोजेक्ट आहे असं मनापासून मानणारा.

"ताई, मानपत्राचं स्टेटस काय?"

"सुरू आहे."

"किती परसेंट?"

"पहिल्या वाक्यावर आहे."

"म्हणजे एक झालं?"

"एकतीस झालीत."

"अहो, मग संपलंच की!"

ऋजुताने त्याला परिस्थिती समजावली. तो म्हणाला, "तुम्ही रागावणार नसाल तर सांगतो. मी बॅकअप म्हणून एआयकडून एक करून घेतलंय. पाठवलंय बघा."

तिने बघितलं. 'आपण आमच्या मंडळाच्या दीपस्तंभ आहात,' असं सुरुवातीलाच होतं. मध्ये एकदा होतं आणि शेवटी पुन्हा.

"दीपस्तंभ नको," ती म्हणाली. "बाबांना हा शब्द चालायचा नाही. मिरजेला समुद्र नाही, म्हणायचे."

"पण ताई, कुमुदिनीताई राहतात हेगला. हेगला आहे ना समुद्र!"

खरं तर त्या शब्दाशी तिचं भांडण मार्चपासूनचं होतं. बाळासाहेब गेले तेव्हा तिच्या फोनवर दोनशेच्या वर मेसेज आले. देवमाणूस. आधारवड. दीपस्तंभ हरपला. तिने सगळे वाचले, सगळ्यांना हात जोडलेलं चित्र पाठवलं. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल तिला शंका नव्हती. पण एप्रिल उजाडेपर्यंत असं झालं, की वडिलांचा चेहरा आठवायला गेलं तर चुना फासलेला एक उंच मनोरा दिसे. त्याला आवाज नव्हता. तो चहाचं विचारीत नव्हता.

"मग असं करू," अभिराम म्हणाला, "बाबांचं एखादं सॅम्पल असेल ना? नुसतं नाव बदलून टाकू."

सॅम्पल होतं. तेराव्यानंतर ऋजुता परत निघाली तेव्हा तिच्या आईने, सुनेत्राबाईंनी, एक जाडजूड फाईल तिच्या बॅगेत कोंबली होती. "तुझ्या बाबांची मानपत्रं. घेऊन जा. कपाटात झुरळं होतात." झुरळांच्या धाकाने सात हजार किलोमीटर आलेली ती फाईल सहा महिने पलंगाखाली पडून होती.

शनिवारी दुपारी ऋजुताने ती जेवणाच्या टेबलावर उघडली. पातळ कागदावरच्या कार्बन कॉपी, प्रत्येकीवर क्रमांक, लाल दोरीने बांधलेल्या. शंभर-दीडशे तिने चाळल्या. उत्तम होत्या. इतक्या उत्तम, की फाईल मिटून किटलीकडे जावं असं तिला वाटू लागलं. तेवढ्यात एक कागद निसटून खाली पडला, उलटा. मागे पेन्सिलीने काही लिहिलेलं होतं.

'हेडक्लार्क. रजेच्या अर्जावर सही करायला तीन दिवस. शब्द न् शब्द वाचतो. वेलांटी चुकली तर अर्ज परत. माणसं कंटाळली.' आणि खाली एक रेघ ओढून: 'हद्द लागली.'

तिने पुढची बाजू पाहिली. 'आपल्या टेबलावरून न वाचलेला कागद कधी पुढे गेला नाही.'

तिने दुसरा कागद उलटला. मागे: 'डॉक्टर. पेशंटशी दोन वाक्यं. तिसरा प्रश्न विचारला की खेकसतो.' पुढे: 'आजाऱ्याला आपण कधी खोटा धीर दिला नाहीत, म्हणूनच आपण बरं वाटेल म्हणालात, की घर निर्धास्त झोपे.'

तिने सगळे उलटले. तीनशे शहाऐंशी माणसांच्या पाठीवर त्यांचे दोष लिहिलेले होते आणि प्रत्येकाच्या खाली 'हद्द लागली' होतं. लहानपणी ती वडिलांच्या तोंडून एक वाक्य ऐकायची: हद्द कळल्याशिवाय क्षेत्रफळ निघत नाही. ते जमिनीबद्दल बोलतात असं तिला वाटायचं.

तिने आपलं नाव शोधलं. नव्हतं. आईचं शोधलं. तेही नव्हतं. वाईट वाटावं की सुटका झाली म्हणावं, हे न ठरवता तिने दोरी बांधली आणि कुमुदिनीताईंना फोन लावला.

"ये की उद्या," त्या म्हणाल्या. "येताना रिकामी खोकी आण. तुमच्या तिकडच्या आल्बर्ट हाइन सुपरमार्केटात चांगली असतात. केळ्यांची आण. टोमॅटोची आणू नकोस."

कुमुदिनीताई त्र्याहत्तर वर्षांच्या. सत्तेचाळीस वर्षं द हेगमध्ये काढून आता त्या ग्रोनिंगनला मुलीजवळ राहायला निघाल्या होत्या. मंडळाच्या गणपतीचा स्वयंपाक एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होता. ताब्यात हाच शब्द योग्य.

ऋजुता रविवारी अकराच्या सुमारास त्यांच्या दाराशी पोचली. ट्रामचा एक थांबा ती केळ्यांची चार खोकी उरापोटाशी धरून चालली होती.

"अकरा म्हणाली होतीस. अकरा दहा झाले," कुमुदिनीताई म्हणाल्या. "जेवलीस का? नाही ना? बस. भात केलाय."

जेवण झाल्यावर दोघी पातेली गुंडाळू लागल्या. कुमुदिनीताईंना मानपत्राची कल्पना होती. सत्कार गुप्त ठेवायचं ठरलं होतं, पण सभागृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असत.

"शिस्तप्रिय घाल," त्यांनी सांगितलं. "सेवाभावी घाल. आणि ते समईचं काहीतरी असतं ना, स्वतः जळून... ते घाल."

"ताई, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"तुमच्यातले दोष सांगता का?"

कुमुदिनीताईंच्या हातातलं पातेलं अर्धवट गुंडाळलेलं राहिलं. "माझे?"

"हो."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. पण सांगण्यासारखा एकही आठवत नाही. लोकांचे सांगू?"

"सांगा."

त्यांनी पाऊण तास सांगितले. नव्या मुलींना नारळ खवता येत नाही, त्या फूड प्रोसेसर आणतात. एकीला तर परत पाठवली. मीठ कुणाच्या हाती द्यायची सोय नाही, म्हणून ते एकतीस वर्षं त्यांनाच घालावं लागलं. झारे माणसं घरी घेऊन जातात, म्हणून प्रत्येक झाऱ्यावर नेलपॉलिशने 'कु' लिहावं लागलं. साडेबाराचं जेवण म्हटलं की लोक दीडला येतात, ट्रेनचं कारण सांगतात, आणि मग त्यांच्यासाठी वरण पुन्हा गरम कोण करतं? ऋजुता पातेली गुंडाळत होती आणि मनात टिपून घेत होती. दोष सांगायचे नाहीत म्हणून बसलेल्या माणसाने एवढी पूर्ण यादी दिलेली तिने पाहिली नव्हती.

"आणि तुझे वडील!" कुमुदिनीताई म्हणाल्या.

ऋजुताचा हात थांबला.

"आता गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण बोलते. सतरा साली आले होते ना तुझ्याकडे, गणपतीला? हॉलमध्ये आले, खिशातून टेप काढला, रांगत रांगत सगळी जमीन मोजली. आणि मला म्हणाले, बाई, इथे पंगतीला एकशे ऐंशीच बसतील. मी बोलावलेली दोनशे वीस! वीस किलो तांदूळ भिजवलेला."

"मग?"

"मग काय? दोनशे वीस बसली. ऐसपैस बसली! मी गेले त्यांच्याकडे. म्हटलं, काय बाळासाहेब? तर म्हणाले, इथल्या हवेनं माणसं बारीक झालीत."

ऋजुता पातेलं हातात धरून ऐकत होती.

"एवढ्यावर नाही थांबले. आम्ही बायका भांडी घासतोय, आणि हा माणूस रिकाम्या हॉलमध्ये पुन्हा टेप लावून मोजतोय. तासभर! शेवटी आले आणि जाहीर केलं, टेप खोटा आहे. कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी नवा घेतलान् म्हणे. चुकलं म्हणून शब्द नाही. मेल्या टेपवर ढकललं! ऋजुता, तुझ्या वडिलांना ना, चुकलं म्हणता येत नव्हतं."

ऋजुता हसायला लागली. पातेल्यावर डोकं टेकवून हसली. मग ते हसणं दुसरंच काही झालं, आणि कुमुदिनीताईंनी ते पाहूनही एक पातेलं पुरतं गुंडाळून संपवलं. सहा महिन्यांत वडिलांबद्दल इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं. गुडघ्यावर रांगणारा, खोटं बोलून वर मान ताठ ठेवणारा तो माणूस खोक्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला होता. मनोऱ्याचा पत्ता नव्हता.

"झालं?" कुमुदिनीताईंनी थोड्या वेळाने विचारलं.

"झालं."

"मग नाक पूस. त्या वर्तमानपत्रानं नको, काळं होईल." त्यांनी फडताळाच्या खणातून पेपर नॅपकिन काढला आणि त्याबरोबर पिवळा, पत्र्याच्या कडेचा एक मोजायचा टेप. "हा घे. डब्यातून मी काढून ठेवला होता. चांगली वस्तू टाकवत नाही."

घरी येऊन ऋजुताने लॅपटॉप उघडला नाही. मोहन पेंटर इथे नव्हता, तेव्हा मानपत्र तिने आपल्याच अक्षरात करायचं ठरवलं. त्यासाठी आणलेल्या जाड कागदांतला एक तिने टेबलावर उलटा ठेवला आणि पेन्सिलीने मागच्या बाजूला लिहिलं: 'मीठ दुसऱ्याला घालू देत नाही. झाऱ्यावर नाव. उशिरा आलेल्याला बोलते, बोलता बोलता वाढते. टोमॅटोची खोकी चालत नाहीत.' असे बारा दोष झाले. तिने रेघ ओढली आणि 'हद्द लागली' असं लिहिलं. यात पहिलं वाक्य चांगलं असायची गरजच नव्हती, त्यामुळे ते कुणाला वाचून दाखवावं असं तिच्या मनातही आलं नाही.

मग तिने कागद उलटला आणि पेन घेतलं. संध्याकाळच्या जेवणाआधी मानपत्र झालं. एका जागी खाडाखोड झाली, ती तिने तशीच ठेवली.

सत्कार पुढच्या रविवारी हेगच्या त्याच हॉलमध्ये झाला. तो गुप्त असल्याने कुमुदिनीताईंनीच दार उघडलं. अभिरामने माइक हातात घेऊन वाचलं:

"एकतीस वर्षांत या मंडळाच्या जेवणात मीठ कधी कमी-जास्त झालं नाही, कारण ते दुसऱ्या कुणाच्या हाताने पडलं नाही. उशिरा आलेल्याला आपण बोलल्याशिवाय सोडलं नाहीत, आणि जेवल्याशिवायही सोडलं नाहीत..."

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं आणि मग सगळेच हसले. ते बहुतेक सगळे कधी ना कधी उशिरा आलेले होते. कुमुदिनीताई हसल्या नाहीत. त्या ताठ बसून ऐकत होत्या, आणि शेवटच्या ओळींच्या सुमारास त्यांनी पदर डोळ्यांकडे नेला व चष्मा पुसल्यासारखं केलं.

नंतर त्यांनी ऋजुताला गाठलं. चौकट हातातच होती.

"समई घातली नाहीस."

"नाही."

"बरं केलंस." त्यांनी चौकट उलटी करून पाहिली. मागे पुठ्ठा होता, खिळ्यांनी पक्का बसवलेला. "बाळासाहेब मागं काहीतरी लिहायचे, असं तू त्या दिवशी म्हणालीस. माझ्या मागं काय लिहिलंयस?"

"काही नाही."

"खोटं बोलतेस. बापावर गेलीस." मग जराशा खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "किती आहेत?"

"बारा."

"बाराच?" कुमुदिनीताईंनी चौकट काखेत मारली. "ग्रोनिंगनला भिंतीकडे तोंड करून राहतील. राहू देत."

दुपारी ऋजुता घरी आली तेव्हा अनिमेष बाजारात गेला होता, आणि अपूर्वा, तिची तेरा वर्षांची मुलगी, सोफ्यावर आडवी पडून फोन पाहत होती. किटली स्वयंपाकघरात होती. ऋजुताने तिच्यात नुसतं पाणी घातलं आणि चहा केला.

मग तिने टेबलावर एक कोरा कागद ठेवला. ए-फोर. उंची एकोणतीस पूर्णांक सात सेंटिमीटर, जगात कुठेही. तिने पर्समधून पिवळा टेप काढला, कागदाच्या कडेला लावला आणि वाकून आकडा पाहिला. मग दुसऱ्या कडेला लावून पाहिला. आणि त्याच कागदावर पेन्सिलीने एक ओळ लिहिली.

"What are you doing?" अपूर्वाने मान न वळवता विचारलं.

"आजोबांचं मानपत्र लिहितेय. मागची बाजू."

"Read."

अपूर्वाला मराठी समजत असे, वाचता येत नसे. ऋजुताने वाचलं:

"टेप बरोबर होता."

अपूर्वाचा अंगठा फोनवर फिरत होता. ऋजुता थांबली नव्हती. दुसरी ओळ अर्धी लिहून झाली होती, तेव्हा सोफ्यावरून डचमध्ये आवाज आला.

"एन तून?"

मग पुढे काय झालं, असं ती विचारत होती.

"थांब," ऋजुता म्हणाली. "पुष्कळ आहेत."